शेंग सोलता सोलता

मूल बोलत नाही म्हटल्यावर घराच्या भिंतीवर चित्रांचा तक्ता लागतो आणि ‘हे काय? ते काय?’ अशी सरबत्ती सुरू होते. मूल तक्त्यापुढे उत्तरे देतेही; पण तेच शब्द ते गरजेच्या वेळी वापरेल, याची खात्री नसते. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी गरीब घरांतील बालवाडीच्या मुलांना रंगांची नावे शिकवली, तेव्हा ती वर्गात नीट सांगणारी मुले खेळताना मात्र आपणहून त्यांचा उच्चार करत नव्हती. खेळणे मिळवण्यासाठी रंग सांगण्याची गरज निर्माण केल्यावर ते शब्द त्यांच्या बोलण्यात उतरले, असे १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात नोंदवले आहे. ती मुले भाषाविकाराची, म्हणजे भाषा शिकणेच अवघड जाणारी, नव्हती. तरीही प्रसंग साधून शिकवण्याची ही रीत पुढे भाषाविकारावरील उपचारांत रुजली.

भाषाविकार असलेल्या एका मुलाच्या घरी हीच रीत अशी दिसते: आई मटार सोलते आहे. मुलगा शेंग पुढे करतो. आई लगेच ती घेत नाही. त्याच्याकडे पाहत मनातल्या मनात पाचपर्यंत मोजते. नुसता ‘हं’ ऐकू आल्यावर ती म्हणते, “सोल. शेंग सोल,” आणि सोलते. पुढच्या शेंगेला तो ‘शो’ म्हणतो. ‘नीट म्हण’ असे न बजावता ती आनंदाने उत्तर देते, “हो, सोलू या, हीपण सोलू या!” संध्याकाळी हेच क्रियापद केळ्यासाठी येईल, उद्या लसणासाठी. भाषाविकार असलेल्या मुलाला एकच शब्द इतर मुलांपेक्षा पुष्कळ अधिक वेळा आणि निरनिराळ्या प्रसंगी ऐकावा लागतो. क्रियापदे त्याला विशेष अवघड जातात, कारण वस्तू समोर राहते, क्रिया मात्र क्षणात संपते.

हे सारे सहज दिसत असले, तरी त्यामागे आखणी असते. कोणते शब्द घ्यायचे हे स्पीच थेरपिस्ट पालकांसोबत आधीच ठरवतात, आणि बिस्किटांचा डबा दिसेल पण हाताला लागणार नाही, अशा फळीवर ठेवायला सांगतात. मूल रडकुंडीला येईपर्यंत तो अडवून धरणे म्हणजे निव्वळ छळ होय. एक-दोनदा सुचवूनही शब्द आला नाही, तर आईने तो स्वतः उच्चारून बिस्कीट द्यायचे असते. या घरात आजी मात्र नातवाने बोट दाखवण्याआधीच डबा उघडते, म्हणून पुढच्या भेटीला थेरपिस्टनी आजींनाही बोलावले आहे.