रंग सगळ्यात शेवटी

नमस्कार. पत्रिकेत विषय ‘जुनी मोटारसायकल पुन्हा रस्त्यावर’ असा छापला आहे, तेव्हा मी इंजिनापासून सुरुवात करीन असं तुम्हाला वाटत असेल. मी कागदांपासून करणार आहे. काटोल, उमरेड, कळमेश्वर, नाहीतर आपल्या नागपूरच्या महालातल्या जुन्या वाड्यांत, कुठंही जा. गोठ्यात किंवा जिन्याखाली एखादी जावा, येझदी, राजदूत पडलेली असतेच. मालक म्हणतो, “घेऊन जा ना भाऊ, उगाच जागा अडवून राहिली.” गाडी भंगाराच्या भावात मिळते. तिच्या स्वस्ताईचं कारण गंज आहे असं आपण समजतो. बहुतेक वेळा खरं कारण असं असतं, की आरसी बुक सापडत नाही, किंवा सापडलं तर ते दहा-बारा वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांच्या नावावर असतं.

म्हणून बयाणा देण्याआधी एक काम करा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर डिझेलच्या फडक्यानं पुसून वाचा आणि बुकाशी ताडून पाहा. तारेचा ब्रश लावू नका, ग्राइंडर तर अजिबातच नाही. आकडे पुसट झाले तर उद्या आरटीओतला निरीक्षक तुमच्याकडे संशयानं पाहील आणि त्याचं काही चुकणार नाही. मालक हयात असेल तर फॉर्म २९ आणि ३०, वारला असेल तर वारसाकडून फॉर्म ३१. वारस तिघे असतील तर तिघांची संमती आजच लिहून घ्या. गाडी चकाचक झाल्यावर चौथा वारस निघतो, हे मी पाहिलेलं आहे.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी दाखवून, तपासून घेऊन दर ५ वर्षांनी ती वाढवायची आणि पर्यावरण कर भरायचा. जी गाडी वीस वर्षं उभीच आहे, तिची नोंदणी कोणी वाढवलेली नसते. एप्रिल २०२२ पासून उशिराबद्दल दुचाकीला दरमहा ३०० रुपये जादा शुल्क लागू झालं. तेव्हा आधी हिशेब विचारा, मग भाव करा. शिवाय ‘एम’नं सुरू होणाऱ्या जुन्या तीन अक्षरी नंबरांच्या कितीतरी गाड्या संगणकावर चढलेल्याच नाहीत. ती नोंद आधी चढवून घ्यावी लागते, त्याशिवाय पुढचा एकही अर्ज हलत नाही. शहराचे एमएच-३१ आणि ४९, ग्रामीणचा ४०. तुमचं रेकॉर्ड कुठल्या कार्यालयात आहे हे आधी शोधा.

आणि एक सावधगिरी. ‘माझी गाडी व्हिंटेज आहे’ असं लोक कौतुकानं सांगतात. २०२१ साली केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात असलेली गाडी. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. ज्याला सकाळी धरमपेठेतून बर्डीवर जाऊन तर्री-पोहे खायचे आहेत, त्यानं साधी नोंदणीच जिवंत ठेवावी. व्हिंटेजचा मान संग्राहकांना लखलाभ!

आता गाडीकडे वळू. मी बोलणार आहे ते जावा-येझदीबद्दल, कारण तीच माझ्या हाताखालून जास्त गेली. झेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या परवान्यावर म्हैसूरच्या आयडियल जावानं १९६१ च्या सुमाराला ही गाडी काढायला सुरुवात केली, सत्तरच्या दशकात तिच्यावर येझदी हे नाव आलं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. हल्ली शोरूममध्ये याच नावांनी मिळणाऱ्या गाड्या फोर-स्ट्रोक आहेत. त्यांचा एकही पार्ट आपल्या कामाचा नाही. जुनं इंजिन म्हणजे एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६५ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिलिमीटर, म्हणजे २४९ सीसीच्या आसपास. व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग चेन नाही. डोकं चालवणाऱ्याला घरी खोलता येईल असं इंजिन आहे. नट-बोल्टही मेट्रिक आहेत, इतवारीच्या लोहाओळीत सहज मिळतात. जुन्या बुलेटवाल्यांना विचारा इंग्रजी आट्यांचं दुखणं.

घरी आणल्यावर पहिला मोह किक मारण्याचा होतो. मारू नका. जावाला किकचा आणि गियरचा दांडा एकच; आत दाबून मागं फिरवला की तो किक होतो. पिस्टन गंजून धरलेला असताना कुणी त्यावर उभं राहून उड्या मारल्या, की आतले दाते जातात आणि फुकटची गाडी तिथंच महाग होते. प्लग काढा, भोकातून डिझेल सोडा, चार-आठ दिवस विसरून जा. मग गाडी वरच्या गियरमध्ये टाकून मागचं चाक हातानं मागं-पुढं हलवा. बहुतेक पिस्टन सुटतात. सुटला नाही तर सिलिंडर उतरवायचा. त्यात भिंतीवर उभ्या रेघा दिसल्या, तर बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून थोडा मोठा करून, ओव्हरसाइज पिस्टन. बोअर करणाऱ्याला पिस्टन हातात द्या आणि मगच सिलिंडर द्या. पिस्टन मोजून बोअर करायचा असतो. कनेक्टिंग रॉड सरळ वर-खाली ओढून पाहा. त्या दिशेनं खेळ लागला तर क्रँक (पिस्टनच्या धावेनं फिरणारा दांडा) प्रेसवर जाणार, आणि हाच सगळ्यात मोठा खर्च. आजूबाजूला थोडा हलतो तो दोष नव्हे, तेवढी जागा त्याला दिलेलीच असते.

इथं मला थोडं थांबायचं आहे, कारण टू-स्ट्रोकमधली निम्मी भुतं एकाच जागी राहतात: क्रँकच्या दोन टोकांच्या ऑइल सीलमध्ये. टू-स्ट्रोकमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये ओढलं जातं, तिथं दाबलं जातं आणि मग सिलिंडरात चढतं. म्हणजे क्रँककेस हवाबंद हवी. ही सील रबराची, आणि आपल्या इकडचा मे महिना रबराला काय करतो हे तुम्हाला सांगायला नको. डावीकडचं, क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गियरचं तेल पिऊ लागतं. पांढरा धूर थांबत नाही, प्लग ओला होतो आणि गियरचं तेल कमी होत जातं. लोक म्हणतात, पेट्रोलमध्ये ऑइल जास्त पडलं. ते कमी करतात, आणि मग पिस्टन जाम होतो. उजवीकडचं, डायनॅमोच्या बाजूचं सील गेलं तर तिथून कोरडी हवा शिरते. थ्रॉटल सोडला तरी इंजिन खाली येत नाही, भणभणतच राहतं, प्लग पांढराफटक पडतो. लोक कार्बोरेटर बदलतात. दोन नवे कार्बोरेटर लावलेली आणि सील मात्र मूळचंच असलेली गाडी आमच्या गॅरेजात आलेली आहे. उभ्या राहिलेल्या गाडीत दोन्ही सील बदलायचीच, चांगली दिसत असली तरी. सीलची किंमत चहा-नाश्त्याएवढी असते, मेहनत काय ती तिथवर पोहोचायची.

त्यानंतर ठिणगी. आमचे सक्करदऱ्याचे मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे कुणी ‘इंजिन खोला’ म्हणत आलं की ते विचारतात, “इंजिन कायले खोलता भाऊ? आधी पॉइंट पाहा ना.” पॉइंट म्हणजे उघड-मीट करून ठिणगी पाडणारे दोन छोटे संपर्क. या गाडीची ठिणगी बॅटरीवर चालते. सहा व्होल्टची बॅटरी मरतुकडी असेल तर ठिणगीही तशीच. म्हणून चांगली चार्ज केलेली बॅटरी लावल्याशिवाय काहीही निदान करू नका. पॉइंट बारीक पॉलिश पेपरनं साफ करा, शेवटी कोरा कागद ओढून भुकटी काढा. फट ०.४ मिलिमीटर, फिलर गेजनं. टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते, मग बघायचं: प्लगच्या भोकातून डेप्थ गेज घालून पिस्टनचं वरचं टोक शोधायचं, तिथून सुमारे ३ मिलिमीटर खाली असताना पॉइंट उघडायला हवेत. नेमके कधी उघडतात हे डोळ्याला दिसत नाही. पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरा. ज्या क्षणी तो सुटून हातात येतो, तो क्षण. फट आधी, टायमिंग नंतर. उलट केलं तर फट बदलताना टायमिंगही सरकतं आणि तुम्ही दिवसभर गोल फिरत बसता.

बारा व्होल्ट करावं का, इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावावं का, हे नेहमी विचारतात. शुद्धतावाद्यांचा रोष पत्करून सांगतो: रात्री वर्धा रोडवर किंवा कामठी रोडवर चालवणार असाल तर करा. सहा व्होल्टच्या त्या पिवळट उजेडात मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही. दिवसाच फिरणार असाल तर मूळचं ठेवा, पण वायरिंग नवं ओढा, प्रत्येक अर्थिंगच्या जागचा रंग खरवडून धातूला धातू लावा आणि बॅटरीपाशी एक फ्यूज घाला. कंपनीनं दिला असो वा नसो.

ब्रेक. १६० मिलिमीटरचे ड्रम आहेत, डिस्कची सवय झालेल्या बोटांना ते कमजोर वाटतात, पण नीट बसवले तर पुरतात. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रमवर हवा मारू नका, तोंडानं फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा. नवे लायनर चिकटवून आणले की ड्रममध्ये टेकतात कुठं ते खडूनं तपासा. टायरवर नक्षी शाबूत आहे म्हणून फसू नका. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते चार आकडेच नसतील तर टायर गेल्या शतकातला समजा. केबली सगळ्या नव्या. यावर जास्त बोलत नाही, वाद घालण्यासारखं त्यात काही नाही.

टाकी मात्र बोलण्यासारखी आहे. आत गंजाचा खच असतो. वॉशिंग सोड्याचं पाणी भरून, आत लोखंडी सळई टाकीला न टेकता टांगून, बॅटरी चार्जरनं इलेक्ट्रोलिसिस करा. सळई धनाला, टाकी ऋणाला. सळई स्टेनलेस स्टीलची घेऊ नका, त्यातून विषारी क्रोमियम सुटतं. हे काम उघड्यावर, विडीकाडीपासून लांब. धुतल्यावर टाकी उन्हात वाळवा आणि लगेच ऑइल मिसळलेलं पेट्रोल आत फिरवा. तासाभरात पुन्हा लाली धरते. आणि पेट्रोल आता ते राहिलं नाही. त्यात २० टक्के इथेनॉल आहे. त्याचे सगळ्यात मोठे पुरस्कर्ते नितीन गडकरी आपल्याच शहराचे, तेव्हा तक्रार करून जायचं कुठं! इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुन्या रबरी नळ्या मऊ करतं आणि मिश्रण थोडं पातळ करतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं. नळ्या आणि कॉकचे वायसर इथेनॉलला टिकणारे बसवा, कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा लावून प्लगचा रंग बघा. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून, आतून तेलाचा हात फिरवून ठेवा.

सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या काढून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवा, हातमोजे आणि चष्मा घालून. ॲल्युमिनियमचा कुठलाही भाग त्यात पडू देऊ नका, तो खाल्ला जातो. हे सांगायचं कारण पीयूसी. टू-स्ट्रोक म्हटलं की लोक ‘ही पास होणारच नाही’ असं गृहीत धरतात. मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला मर्यादा आहे कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएम. सील नवी, जाळ्या साफ, ऑइल मापात, एवढं असेल तर गाडी न लाजता पास होते.

ऑइलचं माप म्हणजे लिटरमागे ४० मिली, बाटलीच्या टोपणानं मोजून, अंदाजानं नव्हे. नवं बोअर असेल तर सुरुवातीला थोडं जास्तच. पहिले काही दिवस गावातच फिरा, अंबाझरी, फुटाळा, सिव्हिल लाइन्स. थ्रॉटल निम्म्याच्या वर नको, पण एकाच वेगानं रेटूही नका. डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. पिस्टन धरायला लागला की इंजिनाचा आवाज जडावतो आणि गाडी आपसूक मंदावते. त्या क्षणी क्लच दाबला तर मागचं चाक घसरत नाही. मग बाजूला उभी करून निवू द्यायची.

आणि चिखलदऱ्याला जाणारे तुमच्यात नक्की असतील, म्हणून हेही सांगतो. चढताना ही गाडी त्रास देत नाही, उतरताना देते. या इंजिनाला तेल पेट्रोलबरोबर मिळतं. घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून गाडी गियरमध्ये सोडली, तर चाकं इंजिनाला जोरात फिरवत असतात आणि पिस्टनला तेल मात्र जवळजवळ शून्य. मैल-दोन मैल असं उतरलात तर खाली जाम झालेली गाडी घेऊन पोहोचाल. दर थोड्या वेळानं क्लच दाबून थ्रॉटल एकदा उघडायचा, आणि वळणावर वेग ब्रेकनं आवरायचा.

रंगाबद्दल मी काही बोललो नाही, हे मागच्या रांगेतल्या मंडळींच्या लक्षात आलं असेल. एक उन्हाळा आणि एक पावसाळा गाडी आहे त्या रंगात चालवा. तेवढ्यात टाकी निदान एकदा पुन्हा उतरेल, इंजिन एकदा फ्रेममधून बाहेर येईल, कुठलं तरी ब्रॅकेट वेल्डिंगला जाईल. हे सगळं आटोपलं की दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर पेंटरकडे न्या. मरून की काळा, ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त चेसिस नंबरावर लांबी (पुट्टी) भरू देऊ नका.