तोंडावरचे बोट

आयोजकांनी मला दिलेल्या विषयात ‘शिस्त’ आणि ‘सुरक्षितता’ हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवले आहेत. आपल्या कारभारात मात्र ते शेजारी नसतात. शिस्त ही वर्गशिक्षकाची बाब मानली जाते, आणि सुरक्षितता म्हणजे इमारत, संरक्षक भिंत, अग्निशामक सिलिंडर, अलीकडे कॅमेरा. दोहोंच्या फायली वेगळ्या आणि त्यांच्यासाठी होणाऱ्या बैठकाही वेगळ्या. जिल्हा परिषदेच्या शाळांत तीन दशकांहून अधिक काळ शिकवून मी निवृत्त झालो, आणि या दोन गोष्टी मुळात एकच आहेत असे माझे मत बनले आहे. ज्या वर्गात मूल न घाबरता बोलू शकत नाही, त्या वर्गातला धोका मोठ्यांना सर्वांत शेवटी कळतो. हे मत मला पुस्तकातून मिळालेले नाही, स्वतःच्या चुकीतून मिळाले आहे, म्हणून ती चूक आधी सांगतो.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी एका दोनशिक्षकी शाळेवर होतो. कौलारू खोली, चार इयत्ता, आणि गलका आवरण्याचे माझे एकमेव साधन म्हणजे ‘हाताची घडी, तोंडावर बोट’. तिसरीतला एक मुलगा रोज आपली जागा सोडून दाराकडे सरकायचा. मी त्याला दोनदा समजावले, तिसऱ्यांदा अंगठे धरायला लावले आणि नंतर छडीही दिली. तो रडला नाही आणि काही बोललाही नाही. पावसाळ्यातल्या एका रविवारी रात्री त्याच जागेवरचा वासा कौलांसह खाली आला. वाळवीने तो आतून पोखरला होता. सोमवारी सकाळी मुले मलब्याभोवती जमली, तेव्हा मी त्या मुलाला विचारले. तो एवढेच म्हणाला, ‘‘माती पडायची, गुरुजी.’’ कितीतरी दिवस त्याच्या डोक्यावर भुसा आणि माती पडत होती, आणि मी त्याला बेशिस्तीबद्दल शिक्षा करत होतो. वासा शाळेच्या वेळेत पडला नाही, यात माझे कर्तृत्व शून्य आहे.

राजस्थानातील झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी गावच्या सरकारी शाळेचे छत २५ जुलै २०२५ रोजी सकाळी कोसळले आणि ७ मुले गेली, तेव्हा मला हा मुलगा आठवला. वरून खडे पडत आहेत असे आम्ही आधी सांगितले होते, असे वाचलेल्या मुलांनी नंतर सांगितले. बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामन गावीही असेच घडले होते. १६ जुलै २०१३ रोजी तेथे शाळेच्या दुपारच्या जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक गेले आणि २३ मुलांचा मृत्यू झाला. तेलाला वास येतो असे स्वयंपाकीण बाईंनी म्हटले होते आणि जेवण बेचव लागते असे मुलांनी, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. मुख्याध्यापिकेला पुढे न्यायालयाने दोषी ठरवले. आपल्याकडे आहार वाढण्यापूर्वी चव घेऊन नोंदवहीत लिहिण्याचा नियम आहे. बऱ्याच ठिकाणी ती नोंदवही महिन्याच्या शेवटी एकाच पेनाने भरली जाते, हे या सभागृहातील गुरुजी आणि बाई मनातल्या मनात मान्य करतील.

शाळांतली शारीरिक शिक्षा बंद झाली ती मूल न घाबरता बोलावे या विचाराने नव्हे, मुलाच्या प्रतिष्ठेच्या विचाराने, आणि तो विचार योग्यच होता. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००० मध्ये तेथील शाळांच्या नियमांतील शारीरिक शिक्षेची तरतूद रद्द केली. गोव्याने २००३च्या बालक कायद्याने शाळांतील शारीरिक शिक्षेवर बंदी घातली. म्हणजे ज्या शिक्षण हक्क कायद्याचे नाव आपण घेतो, त्याच्या सहा-सात वर्षे आधी आपल्या शेजारी ही बंदी होती. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली. या दुसऱ्या शब्दाकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. छडी कपाटात गेली, पण ‘तुझ्या बापाला कधी अक्षर आले होते का’ हे वाक्य वर्गातून गेलेले नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत महाराष्ट्र आणि गोवाही होते. शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी जवळजवळ दोघांनी शारीरिक शिक्षा भोगल्याचे सांगितले. मला त्या अहवालातली दुसरी नोंद अधिक अस्वस्थ करते: मार खाल्लेल्या बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती.

शिक्षकांची बाजू मी टाळणार नाही. छडी काढून घेतली, पण तिच्या जागी काय करायचे हे कोणी शिकवले नाही, ही त्यांची तक्रार खरी आहे. चार इयत्तांचा एक वर्ग, निवडणुकीचे काम, ऑनलाइन माहिती भरण्याचा तगादा, आणि वर ‘गुरुजी, चांगला बडवा, पण शिकवा’ म्हणणारा पालक, या सगळ्यांत उभ्या असलेल्या माणसाला केवळ मनाईचे परिपत्रक देऊन भागत नाही. शिक्षकावर खोटी तक्रार होऊ शकते, ही भीतीही सर्वस्वी निराधार नाही. परंतु या भीतीपोटी जे शिक्षक आता मुलांकडे पाहतच नाहीत, ‘आपले शिकवायचे आणि मोकळे व्हायचे’ म्हणतात, ते मारणाऱ्या गुरुजींइतकेच मुलांपासून दूर गेले आहेत.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतील लैंगिक अत्याचाराच्या घटनेने महाराष्ट्र हादरला. ती शाळा खासगी होती, पण तिचा धडा सर्व शाळांना लागू आहे. शिशुवर्गातील दोन लहान मुलींनी आपल्यावर काय घडले हे घरी सांगितले. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन, शाळेने व पोलिसांनी वेळेवर पावले का उचलली नाहीत, याबद्दल ताशेरे ओढले. त्या सुमारास शासनाने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती यांचा निर्णय काढला. यांपैकी सखी सावित्री समिती, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेकडे पाहणारी शाळेतली समिती, नवीन नव्हती. ती नेमण्याचा आदेश मार्च २०२२चाच होता. किती शाळांत ती कागदाबाहेर आली होती, हा प्रश्न मी विचारून ठेवतो.

कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. परंतु वीजबिल थकल्यामुळे ज्या शाळेचे कनेक्शन तोडले गेले आहे, तिथे तो काय पाहणार? आणि स्वच्छतागृहात तो बसवता येत नाही, बसवूही नये. लहान मुलांवरील लैंगिक अत्याचारांत आरोपी ओळखीचा असण्याचे प्रमाण दहांपैकी नऊहून अधिक आहे, असे राष्ट्रीय पातळीवरील गुन्ह्यांची आकडेवारी वर्षानुवर्षे दाखवते आहे. ओळखीच्या माणसाला कॅमेरा कुठे लावला आहे हे माहीत असते. तक्रारपेटीबद्दल तर माझा साधा प्रश्न आहे: पहिलीच्या मुलीने चिठ्ठी लिहायची कशी, आणि तक्रार मुख्याध्यापकांविरुद्ध असेल तर किल्ली कोणाकडे?

मूल बोलले, तर पुढे काय करायचे, हे मात्र प्रत्येकाला पाठ हवे. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचे कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि हाताखालच्या माणसाबाबत संस्थेच्या प्रमुखाने गप्प राहिल्यास शिक्षा एक वर्षापर्यंत आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील शालेय वसतिगृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये, न कळवणे ही किरकोळ चूक नाही, असे स्पष्ट केले. आधी आपली समिती नेमू, चौकशी करू, शाळेचे नाव जाईल, संबंधिताला समज देऊन सोडू, हे सगळे कायद्याच्या विरुद्ध आहे. मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नये. ते जे शब्द वापरते तेच लिहून ठेवावेत. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशाशिवाय घ्यायचा असतो, हे पालकांना सांगावे, कारण पोलीस ठाण्याच्या धास्तीनेच अनेक घरे मागे फिरतात. सद्भावनेने कळवणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा दूरध्वनी क्रमांक मुलांनाही पाठ असावा. ती सेवा १९९६ मध्ये मुंबईतच, रस्त्यावर राहणाऱ्या मुलांसाठी सुरू झाली.

पण त्याआधी मूल बोलले पाहिजे, आणि ते अचानक एके दिवशी गंभीर गोष्ट बोलत नाही. आधी ते पेन्सिल हरवल्याचे सांगते, मग शेजारचा चिमटे काढतो ते सांगते. या किरकोळ तक्रारींना आपण ‘चहाड्या करू नकोस’ म्हणून हुसकावले, की मोठी गोष्ट येण्याची वाट आपणच बुजवलेली असते. त्या वाशानंतर मी परिपाठात पाच मिनिटे राखून ठेवली. सुविचार आणि दिनविशेष झाले की विचारायचो, ‘शाळेत कुठे काय मोडले, कुठे भीती वाटते?’ पहिले दोन आठवडे कोणी बोलले नाही. मग एकीने सांगितले की मुलींच्या शौचालयाची कडी आतून लागत नाही, म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. वरच्या वर्गातले दोघे पाण्याच्या टाकीमागे लहानांचे खाऊचे पैसे काढून घेतात, हेही तिथेच कळले. त्या दोघांना मी मारले नाही. मधल्या सुट्टीत त्याच टाकीपाशी लहानांची पाण्याची रांग लावण्याचे काम दिले, आणि काही दिवस स्वतः तिथे उभा राहिलो. एकजण सुधारला. दुसऱ्याने पुढे शाळाच सोडली, आणि ते माझे अपयश मी आजही मोजतो. वर्गात गलका वाढला, हेही खरे आहे. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा दिला: ‘वर्गनियंत्रण समाधानकारक नाही.’

शेवटी इमारतींबद्दल. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या आगीत ९०हून अधिक मुले होरपळून गेली. त्यानंतरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क आहे, असे सांगितले. आपल्याकडे धोकादायक वर्गखोली पाडायची तर निर्लेखनाचा, म्हणजे ती खोली सरकारी नोंदीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव जातो, आणि तो मंजूर होईपर्यंत खोली उभी राहते, पटसंख्येला जागा नसली की तिच्यात वर्गही भरतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आपल्यापैकी जे अशा समितीवर आहेत त्यांनी पुढच्या बैठकीत ठरावाच्या वहीवर सही करण्याआधी तो प्रस्ताव कोणत्या तारखेला गेला आणि सध्या कोणत्या टेबलावर आहे, हे विचारावे. आणि बैठकीला जाताना वाटेत त्या खोलीत बसणाऱ्या एखाद्या मुलाला विचारावे, वरून काही पडते का.