नाताळच्या गॉस्पेल अल्बममधले पाहुणे

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चर्चचं संगीत म्हणजे गॉस्पेल. त्यात दरवर्षी एक ठरलेला प्रकार येतो: नाताळचा अल्बम, आणि मुखपृष्ठावर मुख्य नावाखाली पाच-सात पाहुण्या गायकांची नावं. हे अल्बम फसतात तेव्हा दोष पाहुण्यांच्या गळ्याला देतात. खरं बिघडलेलं असतं ते कोरसचं गणित.

गॉस्पेल कोरसमध्ये सहसा तीनच आवाज असतात: सोप्रानो (बायकांचा उंच), आल्टो (बायकांचा खालचा) आणि टेनर (पुरुषांचा उंच). चौथा, खर्जातला आवाज बहुधा नसतोच. ते काम ऑर्गनचे पायाने वाजवायचे पेडल आणि बास गिटार करतात. तिन्ही आवाज एकमेकांना चिकटून, एकाच वेळी एकच शब्द उच्चारतात. त्यातून तो ठोसा येतो.

आता पट्टी. समजा, पाहुणीला पेटीवरची काळी चार सोयीची. गाणं तिथून सुरू होतं, आणि शेवटाकडे प्रत्येक फेरीला अर्धा स्वर चढवायची चाल आहे. काळी चारवरून पांढरी सहा, मग काळी पाच, मग पांढरी सात. तीनच पायऱ्या! पाहुणी एकटी असते, ती गळ्यातून एखादी हरकत काढून खाली उतरते आणि निभावते. टेनरच्या दहा-बारा जणांना पळवाट नाही. ते ओरडायला लागतात आणि सूर चपटा होतो. म्हणून शेवटची पट्टी आधी ठरवावी, तीही टेनरांना गाऊन बघायला लावून, आणि मग मागे मोजत सुरुवातीची काढावी.

शेवटच्या त्या भागाला 'व्हॅम्प' म्हणतात. भजन रंगात आलं की एकाच चरणावर ठेका चढत जातो, तसंच हे. कोरस दोन-चार शब्द धरून ठेवतो आणि मुख्य गायक त्यावर मोकळा सुटतो. पोवाड्यातला झीलकरी ज्याला माहीत आहे, त्याला हे वेगळं समजवायला नको. अडचण अशी की इथे लय आपसूक थोडी वाढते. पाहुणा दुसऱ्या गावातल्या स्टुडिओत नंतर गाणार असेल, तर कानात टिकटिक देऊन सगळं एकाच लयीत बांधतात, आणि व्हॅम्प थिजून जातो. त्यापेक्षा बँड आणि कोरस मोकळे वाजू-गाऊ द्यावेत, त्यांच्या लयीचा नकाशा नंतर काढावा आणि पाहुण्याने त्यावर गावं.

पाहुणा कोरससोबत एकाच सभागृहात गाणार असेल, तर दुसरीच गंमत. कोरसवर साधारण तीन कंडेन्सर माइक पुरतात: पहिल्या रांगेपासून दोन-तीन फूट पुढे, मागच्या रांगेच्या डोक्यांपेक्षा दोनेक फूट वर. दोन माइकमधलं अंतर गायकांपासूनच्या अंतराच्या तिप्पट, नाहीतर आवाज एकमेकांना खातात. पण हे माइक पाहुण्याचा आवाजही टिपतात. त्याची एक ओळ चुकली आणि नंतर ती पुन्हा गाऊन घेतली, तरी कोरसच्या ट्रॅकमध्ये जुनी ओळ पुसट ऐकू येत राहते. हेडफोन लावलात तर हे भूत अनेक प्रत्यक्ष सभेतल्या रेकॉर्डमध्ये सापडेल. उपाय एकच: चूक झाली की गाणं थांबवून तो सगळा तुकडा सगळ्यांनी पुन्हा घ्यायचा.

प्रत्यक्ष सभेतल्या रेकॉर्डिंगचं एक उदाहरण, नाताळचं नसलं तरी. 1972च्या 13 आणि 14 जानेवारीला गायिका अरेथा फ्रँकलिन लॉस एंजेलिसच्या न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये गायल्या. पियानोवर जेम्स क्लीव्हलंड, सोबत 'सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी क्वायर' हा कोरस. 'अमेझिंग ग्रेस' हा दुहेरी अल्बम त्याच वर्षी आला. दिग्दर्शक सिडनी पोलाक यांनी तिथे चित्रीकरणही केलं, पण शॉटच्या सुरुवातीला चित्र-आवाज जुळवायची फळी (क्लॅपर) वाजवली नाही, म्हणून चित्र आणि आवाज जुळेनात. चित्रपट लोकांपुढे यायला 2018 उजाडलं. मध्ये कोर्टकज्जेही झाले, पण सुरुवात झाली ती एक फळी वाजवायची राहिली म्हणून!

पाहुण्यांचं सगळ्यात शहाणं उदाहरण 1992चं. हँडेल या संगीतकाराचं 'मसाया' हे येशूवरचं मोठं समूहगान डब्लिनमध्ये पहिल्यांदा झालं 1742 साली. त्याला अडीचशे वर्षं झाली तेव्हा संगीतकार मर्विन वॉरन आणि मंडळींनी त्याचा कृष्णवर्णीय संगीतातला अवतार काढला. त्यात एका गाण्यात चार-चार पाहुणे कोंबलेले नाहीत. स्टीव्ही वंडर 'टेक सिक्स' या गायकवृंदासोबत एका गाण्यात, पॅटी ऑस्टिन दुसऱ्यात, अल जारो तिसऱ्यात; ज्याची जी धाटणी, तसा गाण्याचा कपडा शिवलेला. सगळा जमाव एकत्र येतो तो फक्त शेवटच्या 'हालेलुया'त, क्विन्सी जोन्स यांच्या हाताच्या इशाऱ्यावर.

बाकी कागदपत्रांचं थोडक्यात. 'सायलेंट नाइट' हे नाताळचं गाणं 1818चं, त्यामुळे मूळ चाल मोकळी आहे, म्हणजे तिच्यावर कुणाचा कॉपीराइट नाही. एखाद्याने अलीकडे केलेली बांधणी मात्र मोकळी नसते. पाहुणा दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीशी बांधलेला असेल तर तिची लेखी परवानगी रेकॉर्डिंगच्या आधीच हवी. आणि अल्बम ऑक्टोबरपर्यंत दुकानात जायचा, म्हणून नाताळची गाणी ऐन उन्हाळ्यात ध्वनिमुद्रित होतात. आवाज येतो म्हणून एसी बंद करतात, दिवे तापतात, पियानोचे सूर हलतात. लावणारा माणूस दिवसभर हाताशी ठेवावा.

पाहुणे नकोतच असं वाटलं, तर महालिया जॅक्सन यांची 1962ची नाताळची तबकडी ऐका. या बाई 1971मध्ये भारतातही येऊन गायल्या होत्या. सगळा भार एका गळ्यावर, आणि तो पुरतो.

आज घरी असा कुठलाही अल्बम लावलात, तर पाहुण्याला थोडा वेळ सोडून हॅमंड ऑर्गनकडे कान द्या. त्याच्या लेस्ली स्पीकरमध्ये भोंगा गरगर फिरत असतो, हळू आणि जलद अशा दोन गतींनी. कोरसने ओळीच्या शेवटी लांब सूर धरला की वादक कळ दाबतो. भोंगा लगेच वेग घेत नाही, एक-दोन सेकंद लागतात, आणि तेवढ्यात सूर थरथरत वर उठल्यासारखा वाटतो. पाहुण्याने पुढची ओळ उचलायची ती त्यानंतर.