कपलरचं लॉक तुटलं? आधी तो गम खाली ठेवा

(हातात जुना काळा कपलर, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ)

ऐका. टक्!

गेलं लॉक. कपलर म्हणजे वायरी जोडायचा हा प्लास्टिकचा तुकडा, आणि लॉक म्हणजे त्याला जागेवर धरणारा खटका. जोर नाही लावला हो, नुसता अंगठा ठेवला. हे प्लास्टिक म्हणजे बऱ्याचदा नायलॉन. नवं असताना वाकतं आणि परत जागेवर येतं. इंजिनशेजारी वर्षानुवर्षं शेकून निघालं की त्याचा भाजलेला पापड होतो.

नमस्कार मंडळी. मागं उभी आहे ती गाडी पुण्याहून साताऱ्याला येत होती. खंबाटकी घाट चढताना मिसिंग मारायला, म्हणजे धक्के खायला लागली आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. दिवा असा लुकलुकला की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेला जातंय, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा डबा, तापून खराब होऊ शकतो. तेव्हा 'जाऊ की हळूहळू घरापर्यंत' नको. मालक म्हणाले, "प्लग बदला, कॉइल बदला, काय ते करा." म्हटलं, थांबा दादा. बेल्ट-फॅनपासून हात लांब ठेवला आणि इंजिन चालू असताना कॉइलचा, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी करंट देणाऱ्या पार्टचा, एकेक कपलर जरासा हलवला. तिसऱ्याला इंजिन अडखळलं. कॉइल ठणठणीत! लॉक मात्र तुटलेलं, आणि कुणीतरी ते गमनं चिकटवलेलं.

साधा झटपट गम साधारण ८० अंशांपर्यंतच टिकतो. इंजिनचं कूलंटच ९०च्या आसपास असतं, मग बोला. शिवाय त्याची पांढरी वाफ आत पिनांवर बसली तर करंट अडतो. गमवर खाण्याचा सोडा टाकून दगडासारखं करतात ना, ते डॅशबोर्डच्या आतल्या एखाद्या चिरेला ठीक. बॉनेटखाली नको.

(जवळून, केबल टाय दाखवत)

फक्त लॉक तुटलंय, कपलरचं अंग शाबूत आहे, रबरी सील जागेवर आहे, तर केबल टाय पुरे. इथंच सगळे चुकतात. टाय कपलरला आडवा आवळतात, पट्टा बांधल्यासारखा. कपलर निसटतो मागच्या बाजूला, त्याला आडवा पट्टा काय करणार? टाय कपलरच्या पाठीवरून घ्या आणि कॉइलच्या अंगाला फिरवून आणा, म्हणजे तो कपलरला आत ओढून धरेल. वायरी त्याखाली चेपू नका. टायपण नायलॉनचाच, उष्णतेनं तोही कधीतरी तुटणार, म्हणून दर सर्व्हिसिंगला एक नजर टाका.

कपलरचं अंगच फुटलं असेल, सील बसत नसेल, तर बदला. महाबळेश्वरच्या पावसात फिरणारी गाडी असेल तर विचारूच नका, पाणी शिरलं की पिना हिरव्या पडतात.

माझी आवडती पद्धत म्हणजे नुसतं रिकामं कपलर आणायचं आणि जुन्या पिना त्यात बसवायच्या. वायर कापायचीच नाही. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, फोटो काढा. मग कपलरमधलं दुसरं छोटं लॉक सोडवा, बऱ्याचदा ते वेगळ्या रंगाचं असतं. आत प्रत्येक पिनेला एक जीभ धरून असते. ती बारीक काडीनं उचलायची, वायर मागून अलगद येते. माझी काडी छत्रीची आहे, ठोकून चपटी केलेली. हसू नका, चालते.

रिकामं मिळालं नाही तर वायरीसकट घ्या. पण नव्याच्या वायरींचे रंग जुन्याशी जुळतीलच असं नाही. रंगावर जाऊ नका, पिनेची जागा बघा. एका वेळी एकच वायर कापायची आणि जोड पुढेमागे ठेवायचे, शेजारीशेजारी नाही. चांगला क्रिम्प करा, म्हणजे धातूची नळी वायरींवर दाबून आवळा, वर आतून गोंद असलेली आकसणारी स्लीव्ह चढवून गरम करा. सोल्डर नको, ते वायरीच्या तारांत चढतं, तेवढा भाग ताठ होतो आणि थरथरीनं नेमका तिथंच तुटतो. पीव्हीसी टेपचा बोळा तर नकोच.

पिवळा कपलर दिसला तर हात मागे. एअरबॅग असते ती. तिथं माझी छत्रीची काडीपण जात नाही.

आणि काढताना आधी कपलर आत दाबा, लॉकवरचा ताण जातो. मग लॉक दाबून अंगाला धरून ओढा, वायरीला नाही. इंजिन कोमट असेल तर प्लास्टिक जरा नरम असतं.

(इंजिन चालू, कपलर हलवून दाखवत)

बघा, हलवतोय, अडखळत नाही. आता टायचं शेपूट कापू. अगदी मुळाशी, सपाट. टोक ठेवलंत तर पुढच्या सर्व्हिसिंगला हात घालणाऱ्याचं बोट फाटेल, आणि तो बहुधा मीच असेन.