एक चालतो, शंभर चालायला हवेत

मंडळी, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नीट चालणारं वैद्यकीय उपकरण कंपनीच्या वाटेवर कुठे अडतं, एवढ्यावरच आज बोलू. गुंतवणूकदार आणि पिच डेक, म्हणजे त्यांना दाखवायच्या स्लाइड, मी मुद्दाम बाजूला ठेवतोय. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. उदाहरण एकच घेऊ, डिजिटल स्टेथोस्कोप: छातीचे आवाज मायक्रोफोनने टिपून मोठे करणारा. आयआयटी मुंबईच्या बेटिक या वैद्यकीय उपकरणांच्या केंद्रातून असा स्टेथोस्कोप खरोखर कंपनीपर्यंत पोहोचलेला आहे, तेव्हा वाट आहे. खड्डेही आहेत.

पहिला खड्डा पेटंटचा. पीएचडीची मौखिक परीक्षा खुली असते, नंतर प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन भांडारात, चढतो. त्याआधी पेटंटचा अर्ज गेला नसेल तर पेटंटला लागणारं नावीन्य तिथेच संपू शकतं. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात, कलम ३१ खाली, विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला १२ महिन्यांची सवलत आहे. पण युरोपात निबंधाला तशी सवलत नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नका. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज, मग पेपर. प्रोव्हिजनलनंतर १२ महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं पूर्ण वर्णन, गेलं नाही, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. शिवाय प्रोव्हिजनलमध्ये जे लिहिलंच नाही, त्याला ती तारीख मिळत नाही. घाईत दोन पानं भरून निवांत झालेल्यांना हे उशिरा कळतं.

मालकीचंही तेच. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाची मालकी विद्यापीठांना ठेवता येते. आपल्याकडे तशा धर्तीचं विधेयक २००८ मध्ये आलं, कायदा झाला नाही. म्हणून प्रत्येक संस्थेचं धोरण वेगळं. विद्यार्थी हा संस्थेचा नोकर नसतो, त्याच्याकडून हक्क लिहून घ्यावे लागतात. कल्पना सुचवणाऱ्या डॉक्टरांना सौजन्य म्हणून पेटंटचे सहअर्जदार केलंत, तर पेटंट कायद्याचं कलम ५० लक्षात ठेवा: वेगळा करार नसेल, तर एका सहमालकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय लायसन्स देता येत नाही. डॉक्टरांची बदली झाली, फोन उचलेनात, की कंपनी लटकली.

आता उपकरणाकडे येऊ, खरी गंमत इथे आहे. प्रयोगशाळेतला नमुना चालतो, कारण तो एका माणसाने हाताने जुळवलेला असतो. छातीला टेकवायचा पडदा किती ताणायचा, गेन किती ठेवायचा, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा, हे त्याच्या बोटांत असतं, कागदावर नसतं. साध्या इलेक्ट्रेट मायक्रोफोनच्या संवेदनशीलतेत अधिक-उणे ३ डेसिबलचा फरक उत्पादकाच्या माहितीपत्रकातच मान्य असतो. म्हणजे दोन टोकांच्या नगांत ६ डेसिबल, एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या दुप्पट. त्यात पडद्याच्या ताणाचा फरक मिळवा. पाच नग असतील तर निवडून घेता येतात; शंभरात निवड परवडत नाही. मग ठरलेला आवाज सोडणारा जिग, म्हणजे नग बसवून तपासायचं साधन, बनवायचा, प्रत्येक नग त्यावर बसवून गेन सुधारायचा आणि तो आकडा नगाच्या क्रमांकासमोर नोंदवायचा. हृदयाचे ध्वनी साधारण २० ते २०० हर्ट्झमध्ये असतात. जिगचा स्पीकर तिथे खात्रीचा हवा. मोबाइलचा छोटा स्पीकर तिथे फारसा बोलतच नाही.

दुसरा दोष चार्जरचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेल्या साध्या चार्जरला जुन्या आयटी मानकात २५० मायक्रोॲम्पिअरपर्यंत विजेची गळती चालायची. आयईसी ६०६०१ या वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या मानकात छातीला लागणाऱ्या बीएफ प्रकारच्या (रुग्णाला टेकणाऱ्या, पण विजेपासून अलग राखलेल्या) भागाला, सर्व ठीक असताना, एसी गळतीची मर्यादा १०० मायक्रोॲम्पिअर आहे. उपाय दोन. वैद्यकीय दर्जाचा चार्जर घ्या, किंवा चार्जिंगची केबल लावली की मोजणी आपोआप बंद होईल असं सर्किट करा. दुसरा स्वस्त आहे, पण तो सुरुवातीलाच करायचा. चाचणी प्रयोगशाळेने नापास केल्यावर बोर्ड नव्याने काढणं महाग पडतं.

आणि उपकरणाची बाहेरची डबी. थ्री-डी प्रिंट छान दिसतं, पण दवाखान्यात ते दिवसातून अनेकदा जंतुनाशकाने पुसलं जाणार. पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकवर काही जंतुनाशकांनी बारीक भेगा पडतात, आणि त्या नेमक्या स्क्रूच्या बुंध्याशी सुरू होतात, कारण ताण तिथे असतो. डबी ओतायचा साचा कापण्याआधी त्याच प्लास्टिकची पट्टी वाकवून, जंतुनाशकात भिजवून बघा. साच्यासाठी भिंतींना एक-दोन अंशांचा उतार लागतो. प्रिंटच्या डिझाइनमध्ये तो नसतोच, म्हणून डबी पुन्हा काढावी लागते. बिरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेच्या बिग अनुदान योजनेत ५० लाखांपर्यंत आणि १८ महिने मिळतात. त्यातले कित्येक महिने डबी आणि बोर्ड नव्याने काढण्यातच जातात, हे अर्ज भरतानाच वेळापत्रकात धरा.

रुग्णावर वापरायला नमुने बनवायचे तर एमडी-१२ या सरकारी फॉर्ममध्ये अर्ज करून एमडी-१३ चा चाचणी परवाना काढावा लागतो. रुग्णालयाच्या नैतिकता समितीची मंजुरी वेगळी. विभागप्रमुखांचं पत्र यातल्या कशालाच पुरत नाही. विक्रीसाठी उत्पादन करण्याचा परवाना कोणाकडून, हे उपकरणाच्या धोक्याच्या वर्गावर ठरतं: अ आणि ब राज्याकडे, क आणि ड केंद्राकडे. वर्ग ठरवताना सर्किटइतकंच वजन 'इच्छित वापर' या वाक्याला असतं. 'हृदयाचे आवाज मोठे करून ऐकवतो' हे एक वाक्य. 'झडपेचा दोष ओळखतो' हे दुसरं. दुसरं लिहिलंत की ओळखण्याचा दावा रुग्णांवर सिद्ध करावा लागतो आणि वर्गही वर सरकू शकतो. म्हणून माहितीपत्रक छापायला देण्याआधी ते परवान्याची फाइल करणाऱ्या माणसाच्या हातात द्या, आणि त्याने खोडलेली ओळ वेबसाइटवरूनही काढा.