छप्पर उघडं, हीटर चालू

(दृश्य: अंधार. गॅरेजचं दार वर सरकतं. आतली ट्यूब दोनदा लुकलुकून पेटते.)

सकाळचे साडेसात. डिसेंबर महिना. इंग्लंडमधला डर्बीशर परगणा. उजाडायला अजून पाऊण तास आहे. अंगणातल्या गवतावरचं दव गोठून पांढरं झालंय.

(ध्वनी: टक-टक-टक-टक.)

हा आवाज नीट ऐका. किल्ली फिरवलीय, पण इंजिन अजून सुरू झालेलं नाही. मागच्या चाकाजवळ पेट्रोलचा एक विजेवरचा पंप आहे. तो पुढच्या दोन कार्बोरेटरना, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागांना, पेट्रोल पोचवतोय. कार्बोरेटरच्या वाट्या भरत आल्या की टकटक मंदावते, मग थांबते. गाडीचे मालक, डॉक्टर, त्याचीच वाट बघताहेत. हात चोकच्या, म्हणजे थंड इंजिनला जास्तीचं पेट्रोल देणाऱ्या, बटणावर.

(टकटक थांबते. स्टार्टर. एकदा, दोनदा. इंजिन लागतं.)

एमजीबी रोडस्टर, 1972 ची. दोन माणसांची, कापडी छपराची, क्रोमच्या बंपरांची. आपल्याकडे एमजी म्हटलं की हेक्टर डोळ्यांसमोर येते. पण ही दोन अक्षरं मूळची ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेस या दुकानाची. एमजीबी 1962 मध्ये आली आणि ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1980 पर्यंत बनत राहिली. पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. इंजिन 1798 सीसीचं. कागदावर हे आकडे आज किरकोळ वाटतील. पण ही गाडी एका माणसाला, स्वतःच्या हातांनी, घरच्या गॅरेजमध्ये पूर्ण उघडता येते आणि पूर्ण जोडता येते. आज विकत मिळणाऱ्या कुठल्या गाडीबद्दल असं म्हणता येईल?

(दृश्य: लाकडी खण उघडतो. नट-बोल्टचे पाने ओळीने मांडलेले. एकाची मूठ घासून गुळगुळीत झालेली.)

हे पाने कोल्हापूरचे आहेत. डॉक्टरांच्या वडिलांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप होतं. शाळा सुटली की डॉक्टर तिथेच. पाना मागितला की नुसतं ‘साडेतीन सूत’ म्हणायचं, हातात बरोबर पाना यायचा. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पुढे सगळीकडे मिलिमीटर आलं, दहा-अकराचा, बारा-तेराचा पाना आला, आणि सुताची भाषा जुन्या मिस्त्रींपुरती उरली. डॉक्टर मिरजेला मेडिकलला गेले, 1978 मध्ये इंग्लंडला आले, जवळपास चाळीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून राबले. निवृत्त झाल्यावर ही गाडी घेतली. बॉनेट उघडलं, पहिल्या बोल्टला पाना लावून बघितला. साडेतीन सूत. दुसरा चार सूत. तिसरा साडेचार. ॲबिंग्डनची ही गाडी इंचातच बांधलेली. वडिलांचा संच, कोल्हापुरातून आणून इतकी वर्षं माळ्यावर ठेवलेला, जसाच्या तसा कामाला आला.

(दृश्य: डॉक्टर पाना पुसून जागेवर ठेवतात.)

या भागातल्या बहुतेक जुन्या गाड्या ऑक्टोबरअखेर झाकल्या जातात. वर कापडी आवरण, बॅटरी काढलेली, आणि थेट एप्रिलमध्ये उघडायच्या. ही फिल्म करताना आम्ही अशा झाकलेल्या गाड्याही पाहिल्या, आणि स्पष्ट सांगायचं तर ते बघवत नाही. उभ्या गाडीला काही होत नाही, हा गैरसमज आहे. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं. टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, त्याचा चिकट थर कार्बोरेटरमध्ये बसतो. टायर एकाच जागी दबतात. काही जण आठवड्यातून एकदा जागच्या जागी पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवतात. त्याने तर नुकसानच होतं. चोक ओढलेला असताना जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन नेतं. आणि इंजिन पुरतं तापत नसल्यामुळे आत धरलेलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत नाही, तेलात आणि सायलेन्सरमध्ये साचत राहतं. गाडी बाहेर काढायची तर अर्धा-पाऊण तास तरी नीट पळवायची. डॉक्टरांनी स्वतःला घालून घेतलेला हा पहिला नियम.

दुसरा नियम मिठाचा.

(दृश्य: रात्र. केशरी दिवा फिरवत जाणारा ट्रक. मागून तपकिरी खडे रस्त्यावर उडताहेत.)

पारा शून्याकडे सरकला की इथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात. हे आपलं पांढरं मीठ नव्हे, खाणीतलं तपकिरी, मातकट, जाडं मीठ. शेजारच्या चेशर परगण्यात विन्सफर्ड गावाखाली त्याची खाण आहे, 1844 सालची, आजही चालू. मिठाने रस्त्यावर बर्फ धरत नाही. माणसांचे जीव वाचतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण एमजीबीला वेगळी चासी नाही, सगळा भार पत्र्याच्या सांगाड्यावर. त्यातही रोडस्टरला वर छप्पर नाही, म्हणून दाराखालची पोकळ पेटी, जिला सिल म्हणतात, तीच गाडीचा कणा. खारं पाणी नेमकं तिथे शिरतं आणि आतून पत्रा खातं.

म्हणून डॉक्टर आधी आकाशाकडे बघतात. मीठ पडलं की गाडी जागची हलवायची नाही. एक चांगला, रस्ता धुऊन काढणारा पाऊस होऊ द्यायचा, मग कोरडा दिवस यायची वाट बघायची. असे दिवस हिवाळ्यात फार नसतात. पण निवृत्त माणसाजवळ मंगळवारही असतो आणि गुरुवारही. रविवारवर अडून राहावं लागत नाही.

(दृश्य: आज. उजाडलेलं. ओला काळा रस्ता वाळू लागलाय. काकू दारात.)

काकू (हातातला थर्मास पुढे करत): अहो, मफलर गुंडाळा नीट. नुसता अडकवलाय तुम्ही.

आता थोडं खालपर्यंत बघा. सीटांवर हे जे काळं ताणलेलं कापड दिसतंय, त्याला टोनो कव्हर म्हणतात. मधोमध चेन आहे. शेजारच्या सीटची बाजू बंद, चालवणाऱ्याची तेवढी उघडी. छप्पर मागे दुमडलेलं. हीटरची गरम हवा या कापडाखाली कोंडून राहते. पाय, मांड्या, पोट घोंगडीत बसल्यासारखे ऊबदार. वारा पुढच्या काचेवरून डोक्याच्या वर निघून जातो. गार लागतं ते फक्त कानांना आणि नाकाच्या शेंड्याला, त्यासाठी लोकरीची कानटोपी आहे. एमजीबी नवी होती तेव्हा इंग्लंडमध्ये हीटरचे पैसे वेगळे मोजावे लागत, हे आज खरं वाटत नाही.

(दृश्य: होप व्हॅलीचा रस्ता. दगडी बांध, पानं गळालेली झाडं, दूर सिमेंट कारखान्याचं धुराडं.)

पीक डिस्ट्रिक्ट. 1951 मध्ये जाहीर झालेलं ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. उन्हाळ्यात या रस्त्यावर गाडीला गाडी लागलेली असते. आज बघा. समोरून एक ट्रॅक्टर आला, बास. झाडांना पानं नाहीत, त्यामुळे वळणापलीकडचं दिसतं. सूर्य दिवसभर खालीच राहतो, म्हणून दुपारी बारालाही बांधांच्या सावल्या लांब पडलेल्या. आणि गार हवा दाट असते, इंजिन मोकळ्या मनाने ओढतं. वेग फार नाही. ताशी 45 मैल, म्हणजे आपल्या हिशेबात सत्तरच्या आसपास. या गाडीत तेवढा पुष्कळ वाटतो, कारण तुम्ही जमिनीपासून वीतभरच वर बसलेले असता.

(दृश्य: पेट्रोल पंप.)

साधं पेट्रोल डॉक्टर घेत नाहीत. 2021 च्या सप्टेंबरपासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप त्याने खराब होतात. म्हणून महागातलं, कमी इथेनॉलचं. आपल्याकडे ई-20 वरून ज्यांनी मेकॅनिकशी डोकं लावलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

(दृश्य: कासलटन गाव मागे पडतं. समोर चुनखडीचे कडे जवळ येतात.)

हा विनॅट्स पास. पूर्वी मोठा रस्ता शेजारच्या मॅम टॉर डोंगराच्या अंगावरून जायचा. तो डोंगर सरकत राहिला, रस्ता दरवेळी दुरुस्त करत राहिले, शेवटी 1979 मध्ये कायमचा बंद केला. तेव्हापासून गाड्या या अरुंद, उभ्या खिंडीतून जातात. दोन्ही बाजूंना कडे. गिअर दुसरा.

(इथे निवेदन नाही. चाळीस सेकंद फक्त इंजिन आणि कड्यांवरून परत येणारा त्याचा आवाज.)

(दृश्य: दुसरा दिवस. तोच चढ, टोनो कव्हर पूर्ण काढलेलं. शेजारी काकू, गुडघ्यांवर नऊवारीच्या तुकड्यांची गोधडी. दोघंही बोलत नाहीत. निवेदन नाही.)

दोन हिवाळ्यांपूर्वी डावी सिल कापून नवी घालावी लागली, खर्च मोठा होता. सत्तरीनंतर इथे लायसन्स दर तीन वर्षांनी नवं करावं लागतं, पुढची तारीख आता जवळ आलीय.

भाग मात्र सगळे मिळतात. 1988 पासून तर एमजीबीचा अख्खा सांगाडा नव्याने बनू लागला, तोही जुन्याच साच्यांवर. चाळीस वर्षांपुढच्या गाडीला रोड टॅक्स नाही. म्हणजे या गाड्या रस्त्यावर ठेवायला लागतं ते सगळं जागेवर आहे. कमी पडतात ती थंडीत दार उघडणारी माणसं.

(दृश्य: अंगण. पावणेचार. सूर्य मावळत आलाय. पाण्याचा पाइप.)

चहाच्या आधी हे काम. पाणी गारच. चाकांच्या कमानी आतून, सिलच्या खालून, पाणी निचरायची भोकं एक-एक करून. भोक बुजलं असेल तर तार घालून मोकळं करायचं. आधी तपकिरी पाणी येतं, मग फिकट, मग स्वच्छ. स्वच्छ आलं तरी डॉक्टर आणखी पाच मिनिटं पाइप सोडत नाहीत. मग फडकं. ओली गाडी बंद गॅरेजमध्ये ढकलायची नाही, म्हणून दार अर्धं उघडं ठेवतात आणि आत छोटा पंखा लावतात.

(दृश्य: स्वयंपाकघर. खिडकीतून गॅरेजचा दिवा दिसतो. डॉक्टर फोनवर हवामान बघताहेत.)

काकू: काय म्हणतंय?

डॉक्टर: उद्या कोरडं आहे. तीन डिग्री. रात्री मीठ टाकणार नाहीत बहुतेक.

काकू: मग बेकवेलला जाऊ. लोकर आणायचीय मला.

(दृश्य: गॅरेजमधला पंखा. बॉनेटवरून ओघळणारा एक थेंब. दिवा तसाच चालू.)