चिरगूट की रबर?

अध्यक्ष महोदय, आणि एवढ्या पावसात आलेल्या मंडळींनो,

पत्रिकेवर विषय छापलाय : 'गाडीत रबर जळल्याचा वास – निदान आणि उपाय'. विषय मीच दिला आणि त्यातल्या 'रबर' या शब्दावर आक्षेपही माझाच आहे. टेबलावर ही पिशवी कसली, असं मघापासून पुढच्या रांगेत चाललंय. शेवटी सांगतो.

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. पहिल्याच तासाला पोरांना सांगायचो, वास घेताना नाक बाटलीत खुपसायचं नाही, हातानं वारा घालून थोडा नाकाकडे घ्यायचा. दुसरी सूचना अशी की 'घाण वास' हे उत्तर चालणार नाही. मराठीत करपट आहे, खवट आहे, कुबट, कोंदट, आंबूस, ओशट, उग्र आहे. भात लागल्याचा वास आणि दूध लागल्याचा वास आपल्या घरात कुणी एकमेकांत मिसळत नाही. मग गाडीत बसल्यावरच नाकाला काय होतं? काहीही जळो, आपण म्हणतो, 'रबर जळतंय!'

आता घडलेलं सांगतो. आम्ही चिपळूणहून कराडला निघालो होतो. पोफळी मागे पडली, कुंभार्ली घाट लागला आणि निम्म्या चढावर वास आला. मी म्हणालो, रबर. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "रबर नाही हो, चिरगूट जळतंय." मी रसायनशास्त्राचा माणूस, ऐकतोय कशाला? (हशा) कराडपर्यंत वास गेला होता. घरी परतल्यावर नेहमीच्या गॅरेजात गेलो. तिथंच महिन्यापूर्वी सर्व्हिसिंग झालं होतं. मिस्त्रीला सांगितलं, रबर जळतं. त्यानं बोनेट उघडून फॅन बेल्ट बदलला. रबर म्हटल्यावर तो तरी दुसरं काय बदलणार?

पुढच्या वेळी घाटात पुन्हा तोच वास. आता मिस्त्री म्हणाला, "सर, घाटातच येतो ना? मग क्लच." गिअरबॉक्स उतरला, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, सगळा सेट नवा. साडेनऊ हजार! जुनी प्लेट मी मागून घेतली, तिच्यावर अजून चांगली जाडी होती. बोललो नाही. गॅरेजवाल्याशी वाद घालणं आणि न्हाव्याशी वाद घालणं, दोन्ही मान त्याच्या हातात असताना करायचं नसतं.

तिसऱ्या वेळी सौंनी घाटमाथ्यावर चहाच्या टपरीशी गाडी थांबवायला लावली. आणि गंमत बघा, थांबल्यावर वास वाढला! क्लचचा असता तर कमी व्हायला हवा होता. चालत्या गाडीला वारा लागतो. उभी केली की मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनातला गरम धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळ्यांची, उष्णता तिथंच साठते, शेजारचं सगळं भाजून निघतं. बाजूला ट्रक उभा होता. त्याचा क्लीनर, असेल वीसेक वर्षांचा, आला, वाकला, नाक फेंदारलं आणि म्हणाला, "काका, फडकं जळतंय." मॅनिफोल्डवरच्या पत्र्यामागून त्यानं काडीनं ओढून काढलं. सर्व्हिसिंगवाल्यांचं हात पुसायचं फडकं! गावात गाडी तेवढी तापत नव्हती, घाटात ते कडेकडेनं करपत होतं. पेट घेतला नाही हे नशीब. सौभाग्यवती काहीच बोलल्या नाहीत. अजूनही बोलत नाहीत, नुसत्या बघतात. (हशा)

जाता जाता गुडइयरची गोष्ट. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये कळलं की रबर गंधकाबरोबर तापवलं की टिकाऊ होतं. बेल्ट आणि टायर जळताना नाकाला झोंबतं त्यात या गंधकाचा वाटा मोठा. क्लच प्लेटच्या अस्तरात मात्र तंतू आणि राळेसारखं रेझिन. त्याचा वास जळक्या पुठ्ठ्याच्या जवळचा. स्वयंपाकाच्या गॅसची तर आणखी मजा आहे, मूळ गॅसला जवळपास वासच नसतो, गळती कळावी म्हणून मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मुद्दाम –

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे छापलेला विषय पाच मिनिटांत.

बेल्ट : खरा रबराचा वास, जोडीला किंचाळी, कधी डॅशबोर्डवर बॅटरीचा दिवा. नुसता बेल्ट बदलू नका. इंजिन बंद करून, बेल्ट उतरवून प्रत्येक पुली हातानं फिरवायला सांगा. एखादी अडकत किंवा खरखरत असेल तर अल्टरनेटरचं (बॅटरी चार्ज करतो तो) किंवा एसीचं बेअरिंग गेलंय, ते नवा बेल्टही जाळेल.

टायर : भरल्या गाडीत, खड्ड्यात किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर वास आला तर चाक आतल्या प्लास्टिकला घासतंय. घासल्याची चकाकी दिसते.

ब्रेक : आधी हँडब्रेक बघा. लाजू नका, सगळ्यांचा राहतो. नसेल तर पंधरा मिनिटं चालवून सपाटीवर थांबा आणि चारही चाकांजवळ हात न्या, लावू नका. एकच चाक भट्टीसारखं असेल तर कॅलिपर, म्हणजे ब्रेकचा चिमटा, अडकलाय. तशी गाडी घाटात उतरवू नका.

क्लच : चढावर रिव्हर्स घेताना एकदाच वास आला तर गाडी गार होऊ द्या आणि हाफ क्लचची, म्हणजे क्लच अर्धवट दाबून ठेवायची, सवय सोडा. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही, तर प्लेट संपली. ही चाचणी मी साडेनऊ हजार द्यायच्या आधी करायला हवी होती.

तेल : टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग गळून थेंब सायलेन्सरवर पडतात. वास ओशट, थांबल्यावर जास्त, बोनेटच्या फटीतून निळसर धूर. पॅकिंग स्वस्त असतं.

वायरिंग : घसा खवखवला, डोळे चुरचुरले, प्लास्टिकचा वास आला तर तपासत बसू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद, माणसं खाली. धूर दाट असेल तर बोनेट सताड उघडू नका, हवा मिळून भडका उडतो. धूर नसेल तर दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीचं निगेटिव्ह काढा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हे पावसाळ्यातलं नेहमीचं कारण. आणि फ्यूज उडतोय म्हणून मोठ्या अँपिअरचा घालणारे या सभागृहातही असतील, त्यांनी तो आज घरी जाऊन काढावा.

दुसरी चिठ्ठी आली. पिशवीत तीन डब्या आहेत : जळका बेल्ट, माझी ती निर्दोष क्लच प्लेट आणि ते फडकं. चहाच्या वेळी झाकण काढून वास घ्या. हातानं वारा घालून, नाक खुपसायचं नाही.